फ्रीलान्स लेखकाचं संमतीपत्र: कोऱ्या जागा कोण भरतं?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली कंपनी असो, ऐरोलीची जाहिरात एजन्सी असो की घोडबंदर रोडवर नवा प्रकल्प काढलेला बिल्डर, लेखकाला काम बहुतेक वेळा फोनवरच येतं. "आठ-दहा आर्टिकल्स हवीत, मराठीत, महिनाअखेरपर्यंत. रेट काय तुमचा?" आपण रेट सांगतो, पलीकडून "चालेल" येतं, आणि काम सुरू.

कायद्याच्या दृष्टीने हा करार झालेला असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १० बघा: सज्ञान माणसं, मोकळेपणाने दिलेली संमती, कायदेशीर काम आणि कायदेशीर मोबदला, एवढ्यावर करार उभा राहतो. कागद हवाच, असं बहुतेक कामांना बंधन नाही. अडचण वेगळीच असते. करार झाला, पण त्यात काय काय ठरलं हे दोघांपैकी कोणालाच नीट सांगता येत नाही.

आणि जे ठरलेलं नसतं ते तसंच कोरं राहत नाही. लेखनावरच्या हक्कांच्या कोऱ्या जागा कायदा भरतो, आणि बऱ्यापैकी लेखकाच्या बाजूने भरतो. कामाच्या व्याप्तीच्या कोऱ्या जागा क्लायंट भरतो, आणि त्या कोणाच्या बाजूने भरल्या जातात हे फ्रीलान्सिंग करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. त्यामुळे क्लायंटला खूश करायला हक्कांबद्दल दोन पानं आणि कामाबद्दल दोन ओळी लिहिणं हा उलटा कारभार झाला. कामाबद्दल भरपूर लिहा, हक्कांबद्दल मोजकं.

कागद किती मोठा हवा?

पाच-पन्नास हजारांच्या कामाला एक पानाचं पत्र पुरतं, तेही ईमेलने. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार नाकारता येत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ईमेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करार मान्य केला, तोही कोट्यवधींच्या व्यवहारातला. तेव्हा तुमच्या चोवीस हजारांच्या ईमेलला कोणी "हा काय करार झाला?" म्हणत असेल तर दबून जायचं कारण नाही.

फक्त समोरून स्पष्ट होकार यायला हवा. आपण पत्र पाठवलं आणि त्यांनी काहीच कळवलं नाही, तर तो होकार धरता येत नाही. पत्राच्या शेवटी लिहावं: "वरील अटी मान्य असल्यास या ईमेलला 'मान्य' असं उत्तर द्यावं, ते आल्यावर काम सुरू करतो." आणि मग खरोखरच ते आल्याशिवाय फाइल उघडू नये. "तुम्ही सुरू करा हो, मेल करतोच संध्याकाळी" या वाक्यातली संध्याकाळ फार लांब असते.

व्हॉट्सअॅपवर होकार आला तर? चालतो. पण ते चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा आणि स्क्रीनशॉटवर विसंबू नका. पुढे पुरावा म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते सोपं जातं. डिसअपिअरिंग मेसेज सुरू असलेल्या चॅटवर पैशांचं बोलणं करूच नये.

ईमेलचा होकार एका बाबतीत कमी पडतो. कॉपीराइट पूर्णपणे देऊन टाकायचा असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीने द्यावा लागतो. नुसत्या फोनवरच्या "सगळे राइट्स आमचे हं" ने तो जात नाही. ही अट आपल्याच भल्याची आहे.

काम म्हणजे नेमकं किती

भांडणं पैशांची दिसतात, पण त्यांचं मूळ बहुधा इथे असतं. "वेबसाइटचा कंटेंट" यात पानं किती, शब्द किती, बटणांवरचा मजकूर धरायचा की नाही, जुन्या पानांची दुरुस्ती त्यातच का, हे लिहिलेलं नसेल तर सगळं त्यातच असतं.

शब्दसंख्येपासून सुरुवात करू. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात. इंग्रजीतले चार-पाच शब्द मराठीत "घरासमोरच्या" एवढ्या एकाच शब्दात मावतात. त्यामुळे इंग्रजी मजकुराचं भाषांतर झालं की शब्द साधारणपणे कमी भरतात. भाषांतराचा दर मूळ मजकुराच्या शब्दांवर की मराठी शब्दांवर, हे लिहिलंच पाहिजे. मूळ मजकुरावर ठरवलेलं बरं, कारण तो आकडा काम सुरू व्हायच्या आधीच दोघांना माहीत असतो आणि बिलाच्या वेळी मोजणीवरून वाद राहत नाही. स्वतंत्र लेखनाला "सुमारे १०००" न लिहिता "८०० ते १०००" लिहा आणि वरचे शब्द जास्त झाले तर जादा आकारणी नाही, कमी झाले तर दर कमी नाही, असं जोडा. शब्द कुठे मोजायचे (वर्डमध्ये की गूगल डॉक्समध्ये) हेही एका ओळीत ठरून जातं.

मग फॉन्ट. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना या कलमाची कल्पनाही नसते. आपण युनिकोडमध्ये लिहून देतो, पण डीटीपीवाला (छपाईसाठी मजकूर मांडणारा) अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम करत असतो. मजकूर कन्व्हर्टरमधून गेला की रफार भलत्या अक्षरावर बसतो, जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी मागेपुढे सरकते. छापून आलं की फोन लेखकाला: "तुमच्या मजकुरात चुका आहेत." यासाठी पत्रात दोन वाक्यं हवीत. एक, मजकूर युनिकोडमध्ये, डॉक्स फाइलमध्ये दिला जाईल, सोबत पीडीएफ. दोन, मांडणी झाल्यावरचं प्रूफ लेखकाने एकदा वाचायचं असेल तर त्याचे पैसे किती, आणि वाचायला दिलं नाही तर रूपांतरातल्या चुकांची जबाबदारी लेखकाची नाही. पीडीएफ यासाठी की तुम्ही दिलेला मजकूर कसा होता हे त्यात जसंच्या तसं दिसतं.

अंक देवनागरी की इंग्रजी, इंग्रजी संज्ञा देवनागरीत लिहायच्या की भाषांतरित करायच्या, "तुम्ही" की "आपण", हे आधी विचारून घ्या. तिसऱ्या लेखानंतर "आमच्या एमडींना 'आपण' आवडतं" असं कळलं तर आधीचे दोन पुन्हा उघडावे लागतात, आणि तेही फुकटात.

बदल किती वेळा

"क्लायंटचं समाधान होईपर्यंत" हा शब्दप्रयोग कुठल्याही करारात दिसला की खोडायचा. समाधानाला तळ नसतो. त्याऐवजी: प्रत्येक लेखाला बदलांच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या आहेत, मजकूर मिळाल्यापासून सात दिवसांत सर्व सूचना एकाच व्यक्तीकडून, एकत्र, लेखी याव्यात. इथे "एकाच व्यक्तीकडून" हे सर्वांत मोलाचे शब्द. मार्केटिंगवाले एक सांगतात, सेल्सवाले दुसरं, आणि साहेबांचे चिरंजीव तिसरं. तिघांचं आपसात पटवणं हे लेखकाचं काम नव्हे.

बदल आणि नवं काम यातली रेषाही आखून ठेवावी. मान्य झालेल्या आराखड्यातच भाषा, क्रम, तपशील सुधारणं म्हणजे बदल. विषय, वाचक किंवा उद्देश बदलला तर ते नवं काम, नव्या दराने. या रेषेला अर्थ यायचा असेल तर आधी आराखडा मान्य करून घ्यावा लागतो. प्रत्येक लेखाचे पाच-सहा मुद्दे पाठवून त्यांना होकार घेतला तर पुढचे निम्मे वाद टळतात.

सात दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर मजकूर स्वीकारला असं समजलं जाईल, हे वाक्य विसरू नका. याला कायद्याचाही आधार मिळतो, तो पैशांच्या भागात बघू.

पैसे: तारीख कशावरून मोजायची

दर ठरवताना सगळे जागरूक असतात. तो कधी मिळणार हे ठरवताना मात्र भिडस्त. "प्रकाशनानंतर मानधन" ही पद्धत दिवाळी अंकांपासून चालत आलेली. तिथे निदान दिवाळी दरवर्षी येते. कंपनीची वेबसाइट लाइव्ह होण्याची तारीख कोणाच्याच हातात नसते. म्हणून रक्कम स्वीकृतीशी जोडा, प्रकाशनाशी नको. "स्वीकृतीनंतर आणि बिल दिल्यापासून १५ दिवसांत."

नव्या क्लायंटकडून तीस ते पन्नास टक्के आगाऊ मागण्यात काही गैर नाही. काम महिन्याहून लांबणार असेल तर उरलेले पैसे टप्प्यांत घ्या. शेवटच्या टप्प्यात फार मोठी रक्कम अडकवू नका, कारण क्लायंटला पूर्ण मजकूर मिळाल्यानंतर त्याची घाई संपलेली असते.

काम मध्येच बंद पडलं तर काय, हेही लिहा: तोवर दिलेल्या लेखांचे पूर्ण पैसे आणि हातात असलेल्याचे निम्मे. ही रक्कम नुकसानीच्या वाजवी अंदाजासारखी असावी. करारात भलामोठा दंड लिहून ठेवला तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या आकड्याच्या आत वाजवी तेवढंच देतं. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे, म्हणजे "एक दिवस उशीर झाल्यास निम्मी रक्कम कापू" अशी समोरून आलेली अटही जशीच्या तशी वसूल होणं कठीण.

आता उद्यम नोंदणी. इतकं सोपं आणि फुकट हत्यार असताना लेखक ते घेत नाहीत, याचं नवल वाटतं. आधार आणि पॅनवर सरकारी उद्यम पोर्टलवर ऑनलाइन नोंदणी होते, शुल्क शून्य. पैसे मागणारी साइट दिसली तर ती एजंटची. नोंदणी झाली की तुम्ही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग ठरता आणि २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास) कायदा तुमच्या बिलाला लागू होतो. त्याचं कलम १५ सांगतं की लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर दिली त्या दिवशीच ती स्वीकारली असं धरलं जातं. उशीर झाला तर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

शिवाय २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून, आयकर कायद्यात आलेल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३ब(ह)), सूक्ष्म आणि लघू उद्योगाचं बिल या मुदतीत न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. अकाउंट्स विभाग मार्चमध्ये अचानक तुमचा उद्यम क्रमांक विचारू लागतो तो यामुळे. नोंदणी मात्र करार होण्याच्या आधीची हवी. काम झाल्यावर, पैसे अडल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलाला संरक्षण देईल या भरवशावर राहू नका.

टीडीएसबद्दल (पैसे देतानाच क्लायंट कापून सरकारकडे भरतो तो कर) थोडक्यात. व्यावसायिक सेवेवर १० टक्के कापतात, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० रुपयांच्या आतल्या रकमेवर ही कपात लागत नाही. काही कंपन्या लेखनाला कंत्राटी काम धरून व्यक्तीकडून १ टक्काच कापतात. पत्रात "टीडीएस वगळता कोणतीही कपात होणार नाही" एवढं लिहा आणि तिमाहीनंतर आयकर पोर्टलवर तुमच्या नावे जमा झालेल्या कराचं विवरण (२६एएस) उघडून कापलेले पैसे भरलेत का बघा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, म्हणून मोठ्या कामात "दर जीएसटी वगळून" हे तीन शब्द आजच लिहून ठेवावेत.

महापे-ऐरोली पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांचं आणखी एक प्रकरण असतं: व्हेंडर रजिस्ट्रेशन. पॅन, रद्द केलेला चेक, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नसल्याचं घोषणापत्र दिल्यावर व्हेंडर कोड मिळतो, मग पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे कंपनीचा खरेदी आदेश) निघतो, आणि पीओ क्रमांक नसलेलं बिल परत येतं. काम सुरू करताना पीओ मागा. त्याच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत कंपनीच्या अटी असतात, त्यात ६० किंवा ९० दिवसांची मुदत असते. म्हणून पत्रात एक ओळ: "पीओतील अटी आणि या पत्रातील अटी यांत विसंगती असल्यास हे पत्र ग्राह्य धरले जाईल." पीओ पत्रानंतर निघाला असेल तर ही ओळ पीओ मिळाल्याच्या उत्तरातही पुन्हा लिहा, नाहीतर नंतरचा कागद वरचढ ठरू शकतो.

हक्क: इथे कमी लिहिलेलं बरं

नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. फ्रीलान्सरचं तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पहिला मालक लेखक, मग भले पैसे घेऊन लिहिलेलं असो. "आम्ही पैसे दिले म्हणजे ते आमचं" हा समज चुकीचा आहे. पैशांच्या बदल्यात मालकी आपोआप जाण्याची तरतूद छायाचित्र, चित्र, चित्रपट अशा गोष्टींपुरती आहे, लेखाला नाही.

हक्क देताना कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात, किती मोबदल्यात, हे कलम १९ प्रमाणे लिहावं लागतं. काळ लिहिला नाही तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. घेतलेले हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही नसेल, तर ते परत येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करारावेळी अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यवसायात न आलेल्या माध्यमाचे हक्क त्याचं नाव स्पष्टपणे घेतल्याशिवाय जात नाहीत. आता कळलं, क्लायंटच्या मसुद्यात "कायमस्वरूपी, जगभर, ज्ञात-अज्ञात सर्व माध्यमांत" अशी लांबण का असते? या एकेका कोऱ्या जागेत लेखकाच्या बाजूने काहीतरी पडलेलं असतं, ते उचलून घ्यायला ती लिहिलेली असते.

म्हणजे सगळीकडे अडून बसायचं का? नाही. कारखान्याच्या सुरक्षा पुस्तिकेचे हक्क स्वतःकडे ठेवून लेखक काय करणार? कंपनीच्या वेबसाइटचा, ब्रोशरचा मजकूर पूर्णपणे देऊन टाकावा, फक्त "पूर्ण रक्कम मिळाल्यानंतर" ही अट घालून. पैसे थकले तर मजकूर वापरणं म्हणजे उल्लंघन, एवढं त्या तीन शब्दांनी साधतं. लेख, कथा, सदर, पुस्तक, पटकथा इथे मात्र हात आखडता हवा. दिवाळी अंकाला पहिल्या प्रकाशनाचा हक्क द्या, पुस्तकरूप, ऑडिओ, अनुवाद, दृश्यरूपांतर स्वतःकडे. आणि चित्रपटासाठी लिहिलंत तर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरची रॉयल्टी सोडून देता येत नाही. तसा करार झाला तरी तो भाग कायद्याने टिकत नाही.

नाव छापण्याचा आणि मजकुराची विटंबना होऊ न देण्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा आहे, कॉपीराइट दिल्यावरही तो उरतो. घोस्ट रायटिंग करताना नाव न देणं आपण स्वतःहून मान्य करतो, तेव्हा त्याची भरपाई दरात घ्या, आणि निदान दोन कामं गोपनीय ठेवून नमुना म्हणून दाखवायची परवानगी मागा.

पत्राचा नमुना

> नमस्कार मॅडम,
>
> काल फोनवर ठरल्याप्रमाणे तपशील देत आहे.
>
> काम: कंपनीच्या संकेतस्थळासाठी ८ मराठी लेख, प्रत्येकी ८०० ते १००० शब्द (वर्डमधील मोजणी). विषयांची यादी सोबत. चित्रे, संकेतस्थळावर अपलोड करणे व इंग्रजी अनुवाद यात धरलेले नाहीत. उत्पादनांची तांत्रिक माहिती आपण द्याल. तिच्या अचूकतेची जबाबदारी कंपनीची.
>
> वेळ: प्रत्येक लेखाचा आराखडा आधी पाठवेन. आराखडा मान्य झाल्यापासून ५ कामकाजाच्या दिवसांत लेख. माहिती मिळण्यास उशीर झाल्यास तेवढे दिवस पुढे.
>
> बदल: प्रत्येक लेखाला दोन फेऱ्या. सर्व सूचना आपल्याकडूनच, ७ दिवसांत, एकत्रित. ७ दिवसांत सूचना न आल्यास लेख स्वीकारला असे समजू. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीला ५०० रुपये.
>
> मानधन: प्रत्येकी ३,००० प्रमाणे २४,००० रुपये. ९,६०० आगाऊ, चौथा लेख स्वीकारल्यावर ७,२००, आठवा स्वीकारल्यावर ७,२००. बिलापासून १५ दिवसांत, टीडीएस वगळता कपात नाही. माझा उद्यम क्रमांक बिलावर असेल.
>
> काम थांबल्यास: दिलेल्या लेखांचे पूर्ण व सुरू असलेल्या लेखाचे निम्मे मानधन. आगाऊ रक्कम त्यात वळती होईल.
>
> हक्क: पूर्ण रक्कम मिळाल्यावर लेख संकेतस्थळावर, समाजमाध्यमांवर आणि छापील माहितीपत्रकात वापरण्याची परवानगी कंपनीला. इतर वापरासाठी वेगळे बोलू.
>
> वाद झाल्यास: ठाणे येथील न्यायालये.
>
> मान्य असल्यास या ईमेलला 'मान्य' असे उत्तर द्यावे. ते आणि आगाऊ रक्कम मिळाली की सुरू करतो.

एवढंच. यात एकही लॅटिन शब्द नाही आणि वकिलाची फी नाही. बिल्डरचं काम असेल तर तांत्रिक माहितीच्या वाक्यात क्षेत्रफळ, सुविधा, ताबा तारीख आणि महारेरा क्रमांक ही माहिती बिल्डरने दिली, हे नावानिशी घाला. जाहिरातीतल्या खोट्या माहितीबद्दल रेरा कायदा प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, जबाबदार धरतो, पण "हे आमच्या लेखकाने लिहिलं" असं म्हणायला कोणाचं तोंड धरता येत नाही.

समोरून बारा पानी करार आला तर

तो सगळा वाचायचा, पण चार ठिकाणी पेन्सिल घेऊन. पहिलं नुकसानभरपाईचं कलम. "कोणत्याही दाव्यापासून कंपनीची पूर्ण हमी लेखक घेतो" याऐवजी "लेखकाने जाणूनबुजून दुसऱ्याचा मजकूर चोरल्यास, आणि मिळालेल्या मानधनाच्या मर्यादेत." तीन हजारांच्या लेखासाठी अमर्याद जोखीम कोणी घेऊ नये. हे एक कलम बदलून मिळालं नाही तर काम सोडणंही रास्त आहे.

दुसरं, स्पर्धकासाठी काम करू नये ही अट. करार संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. करार चालू असतानाची टिकू शकते, म्हणून तिथे स्पर्धक कोण ते नावं लिहून घ्या.

तिसरं, वाद कुठे. दिल्ली किंवा बंगळुरूची न्यायालये लिहिलेली असतात. जिथे कंपनी आहे किंवा काम घडलं तिथलं एखादं न्यायालय दोघांनी मिळून निवडता येतं, आणि तुम्ही सही केलीत की वीस हजारांसाठी तिथे जावं लागेल. लवादाचं (न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे वाद नेण्याचं) कलम असेल तर लवाद कोण नेमणार ते पाहा. एकट्या कंपनीने एकच लवाद नेमायचा, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये घटनापीठाकडून नाकारली आहे. तरी छोट्या रकमेत लवादाचा खर्चच बिलापेक्षा जास्त होतो. ते कलम काढायला सांगा.

चौथं, एआयचं. हल्ली दोन वाक्यं येतात. मजकूर यंत्राने लिहिलेला नाही ही हमी द्यायला हरकत नाही, पण "तपासणी टूलने नापास केल्यास पैसे नाहीत" हे मान्य करू नका. त्याऐवजी मसुद्यांची आवृत्ती-नोंद दाखवायची तयारी लिहा. दुसरं वाक्य मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणाला वापरण्याचं. तो वेगळा हक्क समजा, वेगळे पैसे मागा किंवा नाही म्हणा.

मुद्रांकाबद्दल नेहमी विचारलं जातं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात पूर्वीच्या १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० रुपयांचा लागतो. छोट्या लेखनकामाच्या ईमेलला कोणी कोर्ट नाक्यावर मुद्रांक घ्यायला जात नाही, आणि मुद्रांक नाही म्हणून करार रद्दही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की हा दोष शुल्क आणि दंड भरून दुरुस्त होतो. पुस्तक किंवा पटकथेचे हक्क देताना मात्र मुद्रांक, दोन्ही बाजूंच्या सह्या, प्रत्येक पानावर आद्याक्षरं, सगळं रीतसर करा. नोटरी लागत नाही.

पैसे अडलेच तर

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी साधी आठवण, बिल पुन्हा जोडून. आठवड्याने दुसरी, थेट अकाउंट्सला, पत्रातली मुदतीची ओळ उद्धृत करून. तिसरीत एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ आणि १६ चा उल्लेख आणि व्याजाचा आकडा. कंपन्यांना ४५ दिवसांहून जास्त थकलेल्या सूक्ष्म-लघू उद्योगांच्या रकमा एमएसएमई-१ या अर्धवार्षिक विवरणात दाखवाव्या लागतात, हेही त्यात घालता येतं. बऱ्याचदा पैसे इथेच सुटतात, कारण तोपर्यंत विषय मार्केटिंगच्या टेबलावरून अकाउंट्सच्या टेबलावर गेलेला असतो.

नाहीच सुटले तर उद्यम असलेल्यांना सूक्ष्म आणि लघू उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कोकण विभागाची परिषद ठाण्यातच आहे. आधी समेट, तो नाही झाला तर लवाद. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर कंपनीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. उद्यम नसेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी अर्ज करा. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात येतो आणि त्यावर अपील नाही. शेवटचा रस्ता दिवाणी दावा, लेखी करारावरची ठरावीक रक्कम असेल तर संक्षिप्त दावा.

मुदत तीन वर्षांची, पैसे द्यायच्या तारखेपासून. त्या काळात क्लायंटने "हो, तुमचे ७,२०० बाकी आहेत, पुढच्या तिमाहीत बघतो" असं सहीनिशी लेखी कबूल केलं, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. म्हणून दरवर्षी मार्चमध्ये थकबाकीचं विवरण पाठवून त्यावर सही-शिक्क्यासह पुष्टी मागावी. वार्षिक हिशेबासाठी अकाउंट्सवाल्यांनाही ती हवीच असते, त्यामुळे सहसा नकार येत नाही.